जेम्स मॅडिसन : सिनेटने नाकारलेल्या घटनादुरुस्तीचा शिल्पकार

अमेरिकेच्या राज्यघटनेचे जनक म्हणून जेम्स मॅडिसन यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. संघराज्याचा आराखडा, नागरिकांच्या हक्कांची सनद आणि देशाचे चौथे अध्यक्षपद या तिन्ही गोष्टी त्यांच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. मात्र जी घटनादुरुस्ती ते स्वतः सर्वांत मोलाची मानत होते, ती कधी संमतच झाली नाही, हे फारसे सांगितले जात नाही. घटक राज्यांनी नागरिकांच्या धर्मविषयक स्वातंत्र्यावर गदा आणू नये, असे बंधन त्यांना राष्ट्रीय राज्यघटनेतच घालायचे होते. १७८९ साली सिनेटने ते वगळले. पुढे हेच तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत दीडशे वर्षे उलटली. या प्रदीर्घ काळात राज्यांच्या कायद्यांमुळे कुणाला सार्वजनिक पदाला मुकावे लागले, कुणाला परक्या पंथाच्या चर्चसाठी कर भरावा लागला, तर कुणाला प्रवचन करण्याचीही बंदी झाली. नागरिकाच्या श्रद्धेला अधिक धोका कोणाकडून, दूरच्या केंद्र सरकारकडून की जवळच्या राज्य सरकारकडून, हा प्रश्न मॅडिसन यांनी आयुष्यभर जोपासला. त्यांच्या चरित्राला आजही महत्त्व आहे ते त्यामुळेच.

तुरुंगातले धर्मोपदेशक

मॅडिसन यांचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट कॉनवे येथे आजोळी झाला. ऑरेंज परगण्यातील माँटपेलियर या तंबाखूच्या मळ्यावर ते वाढले. बारा भावंडांत ते थोरले होते. वडील परगण्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक आणि अँग्लिकन चर्चच्या स्थानिक कारभारी मंडळाचे सदस्य होते. घरातील सुबत्ता गुलामांच्या श्रमावर उभी होती. मॅडिसन यांची शरीरयष्टी लहानखुरी, उंची जेमतेम साडेपाच फुटांपर्यंत आणि आवाज इतका क्षीण होता की सभागृहात मागच्या बाकावर बसलेल्यांना तो ऐकू येत नसे. प्रकृतीच्या तक्रारी जन्मभर सुरू राहिल्या. तरीही त्यांना ८५ वर्षांचे आयुष्य लाभले.

व्हर्जिनियातील श्रीमंत घराण्यांची मुले त्या काळी विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जात. मॅडिसन यांनी मात्र १७६९ मध्ये प्रिन्स्टन येथील न्यू जर्सी महाविद्यालयात प्रवेश घेतला. प्राचार्य जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडहून आलेले प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. तेथे निरनिराळ्या पंथांचे विद्यार्थी एकत्र शिकत असत. १७७१ मध्ये पदवी मिळाल्यावरही मॅडिसन हिब्रू भाषा आणि नीतिशास्त्र यांच्या अभ्यासासाठी काही महिने तेथेच राहिले. घरी परतल्यावर त्यांना जे दिसले, त्याने त्यांच्या सार्वजनिक जीवनाची दिशा ठरली.

व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हा राजमान्य पंथ होता. पाद्र्यांचा पगार जनतेवरील करातून, बहुधा तंबाखूच्या रूपाने, दिला जाई. इतर पंथांच्या उपदेशकांना प्रवचनासाठी परवाना घ्यावा लागे. बाप्टिस्ट उपदेशक असा परवाना मागणे हाच श्रद्धेचा अवमान मानत. परिणामी ते शांतताभंगाच्या आरोपाखाली तुरुंगात जात. जानेवारी १७७४ मध्ये मॅडिसन यांनी फिलाडेल्फियातील आपले महाविद्यालयीन मित्र विल्यम ब्रॅडफर्ड यांना लिहिलेल्या पत्रात शेजारच्या परगण्यात पाच-सहा सज्जन माणसे केवळ धार्मिक मते प्रकट केल्याबद्दल तुरुंगात खितपत पडल्याचे कळवले. त्यांच्यासाठी आपण भांडलो, वाद घातला, पण फारसा उपयोग झाला नाही, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली. मॅडिसन स्वतः बाप्टिस्ट नव्हते आणि त्या पंथाच्या भावनाप्रधान उपासनेचे त्यांना आकर्षणही नव्हते. या माणसांना तुरुंगात डांबणारा अंमल दूरच्या लंडनचा नव्हता. स्थानिक न्यायाधीश, स्थानिक शेरीफ आणि त्यांच्या पाठीशी उभे असलेले शेजारी हाच तो अंमल होता. ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की रुजली.

एका शब्दाचा बदल

मे १७७६ मध्ये विल्यम्सबर्ग येथे व्हर्जिनियाचे अधिवेशन भरले, तेव्हा २५ वर्षांचे मॅडिसन सर्वांत तरुण सदस्यांपैकी एक होते. ज्येष्ठ नेते जॉर्ज मेसन यांनी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार केला होता. धर्माच्या बाबतीत सर्वांना पूर्ण सहिष्णुता मिळेल, असे त्यात म्हटले होते. त्या काळाच्या मानाने ही भूमिका उदार होती. मॅडिसन यांनी मात्र सहिष्णुता या शब्दालाच हरकत घेतली. जो सहन करतो त्याला उद्या सहन न करण्याचाही अधिकार उरतो. धर्माचरण ही कुणाची मेहेरबानी असू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. चर्चला असलेला राजाश्रय संपवणारी त्यांची पहिली सूचना फेटाळली गेली. दुसरी सूचना स्वीकारली गेली आणि धर्माचरणाच्या स्वातंत्र्यावर सर्वांचा समान हक्क आहे, असे शब्द १२ जून १७७६ च्या जाहीरनाम्यात आले.

पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. मतदारांना दारू पाजण्याची प्रथा त्यांनी पाळली नाही, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. पण त्यांची बुद्धी आणि चिकाटी ओळखणारे लोक होते. राज्याच्या कार्यकारी मंडळावर त्यांची निवड झाली आणि १७८० पासून ते राष्ट्रीय काँग्रेसमध्ये काम करू लागले. थॉमस जेफरसन यांच्याशी त्यांची जन्मभराची मैत्री याच काळात जुळली.

पॅट्रिक हेन्री यांच्याशी सामना

१७८४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळात धर्माचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यापूर्वीच अँग्लिकन चर्चसाठीची सक्तीची वसुली बंद झाली होती. लोकप्रिय वक्ते पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी सर्वसाधारण कर बसवण्याचे विधेयक मांडले. आपला कर कोणत्या ख्रिस्ती पंथाला जावा, हे करदात्याने स्वतः ठरवायचे होते. एकाच पंथाला झुकते माप नसल्याने अनेकांना हे विधेयक न्याय्य वाटले. जॉर्ज वॉशिंग्टन यांचाही त्याला तत्त्वतः विरोध नव्हता.

सभागृहात हेन्री यांच्या वक्तृत्वापुढे टिकाव लागणे कठीण होते. योगायोगाने त्याच नोव्हेंबरमध्ये हेन्री गव्हर्नरपदी निवडून गेले आणि विधिमंडळातून बाहेर पडले. मॅडिसन यांनी अंतिम मतदान पुढच्या अधिवेशनापर्यंत लांबवले. मिळालेल्या अवधीत, १७८५ च्या उन्हाळ्यात, त्यांनी विधेयकाविरुद्ध पंधरा मुद्द्यांचे निवेदन लिहिले. त्यावर त्यांचे नाव नव्हते. धर्म हा प्रत्येकाच्या विवेकाचा विषय असल्याने तो विधिमंडळाच्या कक्षेबाहेर आहे, हा त्याचा गाभा होता. आज सर्व ख्रिस्ती पंथांना मदत देऊ शकणारे सरकार उद्या एकाच पंथाला मदत देऊ शकेल आणि धर्मासाठी तीन पेन्स घेणारी सत्ता कोणतीही सक्ती करू शकेल, असा इशारा त्यांनी दिला होता. बहुमतही अल्पसंख्याकांच्या हक्कांवर अतिक्रमण करू शकते, हा मुद्दाही त्यात होता.

निवेदनाच्या प्रती परगण्यापरगण्यांतून फिरल्या. त्यांवर दीड हजारांहून अधिक सह्या झाल्या. बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन आदी पंथांच्या स्वतंत्र अर्जांवर त्याहून कितीतरी अधिक सह्या होत्या. विधेयक मागे पडले. ही संधी साधून मॅडिसन यांनी जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा पुढे रेटला. १७७९ पासून रखडलेला हा मसुदा जानेवारी १७८६ मध्ये संमत झाला, तेव्हा त्याचे लेखक जेफरसन राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होते.

विजय मोठा होता; पण तो एकाच राज्यापुरता होता. शिवाय तो कायद्याच्या रूपात होता आणि एका विधिमंडळाने केलेला कायदा दुसरे विधिमंडळ रद्द करू शकते. हेन्री पुन्हा सभागृहात आले असते तर काय झाले असते, हा विचार मॅडिसन यांच्या मनातून गेला नाही.

राज्यांवर अंकुश हवा

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. परिषदेपूर्वी मॅडिसन यांनी तत्कालीन राज्यव्यवस्थेतील दोषांवर टिपण तयार केले होते. त्यात राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या अन्यायकारक कायद्यांना महत्त्वाचे स्थान होते. त्यांचा विचार असा होता : लहान प्रदेशात एखादा पंथ किंवा हितसंबंधी गट सहज बहुमतात येतो आणि इतरांना दडपतो. मोठ्या प्रजासत्ताकात पंथ अनेक, त्यामुळे कुणा एकाला वर्चस्व मिळवणे अवघड. म्हणून नागरिकाच्या हक्कांचे रक्षण राज्यापेक्षा संघराज्य अधिक चांगले करील. याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या फेडरलिस्ट लेखमालेतील दहाव्या लेखात त्यांनी हा विचार जगापुढे ठेवला.

या विचारातूनच त्यांनी राज्यांचा कोणताही कायदा रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय काँग्रेसला द्यावा, असा आग्रह परिषदेत धरला. प्रतिनिधींना ही कल्पना अतिरेकी वाटली आणि ती फेटाळली गेली. राज्यघटना तयार झाली, तिच्या घडणीत मॅडिसन यांचा वाटा सिंहाचा होता. पण हा पराभव त्यांना इतका लागला की ऑक्टोबर १७८७ मध्ये जेफरसन यांना लिहिलेल्या दीर्घ पत्राचा मोठा भाग त्यांनी याच विषयाला दिला.

राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, अशी टीका आता सुरू झाली. मॅडिसन यांना प्रारंभी अशी सनद निरुपयोगी वाटत होती. व्हर्जिनियाच्या जाहीरनाम्यातील शब्द असूनही धर्मकराचे विधेयक जवळजवळ संमत झाले होते. कागदी तटबंदी बहुमताला रोखू शकत नाही, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. परंतु राजकारणाने त्यांना भूमिका बदलायला लावली. हेन्री यांनी त्यांना सिनेटवर जाऊ दिले नाही. प्रतिनिधीगृहासाठीचा मतदारसंघही मॅडिसन यांना प्रतिकूल ठरेल अशा रीतीने आखला गेला. समोर उमेदवार होते जेम्स मन्रो, पुढे देशाचे पाचवे अध्यक्ष झालेले. १७८९ च्या कडाक्याच्या थंडीत दोघे गावोगाव एकत्र फिरून वादविवाद करत. अशाच एका सभेहून परतताना मॅडिसन यांच्या नाकाला हिमदंश झाला. बाप्टिस्ट मतदारांना धर्मस्वातंत्र्याची घटनात्मक हमी हवी होती. ती मिळवून देण्याचे आश्वासन मॅडिसन यांनी दिले आणि ते ३३६ मतांनी निवडून आले. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या बंधूंसाठी ते भांडले होते, त्यांनीच त्यांना काँग्रेसमध्ये पाठवले.

सर्वांत मोलाची दुरुस्ती

८ जून १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या काँग्रेसमध्ये मॅडिसन यांनी घटनादुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडला. राष्ट्रीय सरकारने धर्म, भाषण आणि वृत्तपत्रे यांच्या स्वातंत्र्यावर आक्रमण करू नये, ही कलमे सर्वांना अपेक्षितच होती. त्यापुढे जाऊन त्यांनी आणखी एक कलम घातले. कोणत्याही राज्याने विवेकाचे समान हक्क, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यात ज्यूरीपुढे सुनावणीचा हक्क यांचा भंग करू नये, असा त्याचा आशय होता. हे मागणारे जवळजवळ कुणीच नव्हते. हक्कांची सनद मागणाऱ्यांना केंद्राची भीती होती. मॅडिसन राज्यांवर बोट ठेवत होते.

१७ ऑगस्टला या कलमावर चर्चा झाली. दक्षिण कॅरोलिनाचे थॉमस ट्यूडर टकर यांनी ते वगळण्याची सूचना केली. राज्यघटनेने राज्यांच्या कारभारात आधीच पुरेसा हस्तक्षेप केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी दोनच दिवस कनेक्टिकटचे बेंजामिन हंटिंग्टन यांनी धर्मविषयक दुरुस्तीमुळे आपल्या राज्यात चर्चसाठी होणारी वर्गणीची वसुली अडचणीत येईल, अशी शंका व्यक्त केली होती. मॅडिसन यांनी उत्तर दिले की संपूर्ण यादीत हीच दुरुस्ती सर्वांत मोलाची आहे. हे हक्क पायदळी तुडवण्यापासून राष्ट्रीय सरकारला रोखणे आवश्यक असेल, तर राज्य सरकारांना रोखणेही तितकेच आवश्यक आहे, असे त्यांनी सांगितले. प्रतिनिधीगृहाने त्यांचे म्हणणे मानले. १७ दुरुस्त्यांच्या यादीत चौदावे कलम म्हणून ते सिनेटकडे गेले.

सिनेटचे कामकाज त्या काळी बंद दाराआड चाले आणि सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात. ७ सप्टेंबर १७८९ रोजी सिनेटने हे कलम गाळले. कुणी काय युक्तिवाद केला, याची नोंद कामकाजाच्या इतिवृत्तात नाही. कलम अमान्य झाले एवढेच त्यात आहे. १५ डिसेंबर १७९१ रोजी हक्कांची सनद अमलात आली, तेव्हा तिच्या पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच काँग्रेस या शब्दाने झाली होती. धर्माची स्थापना करणारा किंवा धर्माचरणास मनाई करणारा कायदा काँग्रेसने करायचा नव्हता. राज्यांविषयी त्यात काहीही म्हटले नव्हते.

मौनाचे परिणाम

या मौनाचा अर्थ व्यवहारात लवकरच स्पष्ट झाला. कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल चर्चचा राजाश्रय १८१८ पर्यंत टिकला. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावी धर्मोपदेशकांसाठी कर घेण्याची व्यवस्था १८३३ मध्ये संपली. मेरीलँडमध्ये ज्यूंना सार्वजनिक पद भूषवण्यासाठी १८२६ पर्यंत वाट पाहावी लागली. उत्तर कॅरोलिनाच्या घटनेतील प्रॉटेस्टंट असण्याची अट १८३५ मध्ये सैल होऊन ख्रिस्ती असण्याची झाली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर तशी अट १८७७ पर्यंत कायम होती. राष्ट्रीय राज्यघटनेने संघीय पदांसाठी धर्माची अट घालण्यास पहिल्यापासून बंदी केली होती. त्यामुळे एखादा ज्यू नागरिक देशाचा अध्यक्ष होण्यास पात्र, पण मेरीलँडमध्ये साधा दंडाधिकारी होण्यास अपात्र, अशी विसंगती निर्माण झाली.

१८०९ ते १८१७ या काळात मॅडिसन अध्यक्ष होते. ब्रिटनशी झालेले युद्ध आणि १८१४ मध्ये वॉशिंग्टन शहराची झालेली जाळपोळ यांमुळे ही कारकीर्द लक्षात राहिली. पण फेब्रुवारी १८११ मध्ये त्यांनी वापरलेले दोन नकाराधिकार त्यांच्या मूळ विचाराशी सुसंगत होते. अलेक्झांड्रिया येथील एपिस्कोपल चर्चला कायद्याने मान्यता देणारे एक आणि मिसिसिपी प्रदेशातील एका बाप्टिस्ट चर्चला सरकारी जमीन देणारे दुसरे, अशी दोन विधेयके त्यांनी परत पाठवली. पहिली जागा तेव्हा राजधानीच्या जिल्ह्यात मोडत होती, दुसरी केंद्रशासित प्रदेशात. दोन्हीकडे काँग्रेसची सत्ता असल्याने पहिली दुरुस्ती लागू पडत होती. हीच विधेयके एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने केली असती, तर राष्ट्रीय राज्यघटनेच्या आधारे त्यांना कुणीही हरकत घेऊ शकले नसते.

मॅडिसन यांच्या हयातीतच त्यांच्या राज्यात याहून कठोर प्रसंग घडला. ऑगस्ट १८३१ मध्ये नॅट टर्नर या गुलाम धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली व्हर्जिनियात उठाव झाला. त्यानंतर १८३२ मध्ये विधिमंडळाने गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय यांना प्रवचन करण्यास व धार्मिक सभा भरवण्यास मनाई केली. ज्या राज्याने धर्मस्वातंत्र्याचा पहिला मोठा कायदा केला, त्याच राज्याने हा कायदा केला. परवान्याअभावी तुरुंगात गेलेल्या बाप्टिस्टांची आठवण देणारा हा कायदा होता. फरक इतकाच की या वेळी परवान्याची सोयही नव्हती.

येथे मॅडिसन यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी उणीव समोर येते. विवेकाचा हक्क प्रत्येक माणसाचा आहे, असे लिहिणारा हा विचारवंत जन्मभर गुलामांचा मालक राहिला. गुलामगिरी अनिष्ट आहे, हे त्यांना मान्य होते. तरी मृत्युपत्राद्वारेही त्यांनी माँटपेलियरच्या गुलामांना मुक्त केले नाही आणि पुढे पत्नी डॉली यांनी त्यांतील अनेकांची विक्री केली. मॅडिसन यांच्या अखेरच्या क्षणी जवळ असलेले पॉल जेनिंग्ज हे त्यांचे गुलाम सेवक होते. जेनिंग्ज यांनी नंतर स्वातंत्र्य मिळवले आणि त्यांच्या आठवणी १८६५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बहुमताच्या जुलमाचे इतके सूक्ष्म विश्लेषण करणाऱ्याला स्वतःच्या मळ्यावरील जुलमातून बाहेर पडता आले नाही.

फेब्रुवारी १८३३ मध्ये, मॅडिसन ८१ वर्षांचे असताना, सर्वोच्च न्यायालयाने बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात निर्णय दिला. खटला एका धक्क्याच्या मालकाच्या नुकसानभरपाईचा होता. मात्र सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी सर्वसाधारण तत्त्व सांगितले : हक्कांची सनद केवळ राष्ट्रीय सरकारवर बंधनकारक आहे, राज्यांवर नाही. सिनेटने ४४ वर्षांपूर्वी जे कलम गाळले होते, त्याची पोकळी आता न्यायालयाच्या निकालातही नोंदली गेली. २८ जून १८३६ रोजी मॅडिसन यांचे माँटपेलियर येथे निधन झाले. राज्यघटनेवर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी हयात असलेले ते शेवटचे गृहस्थ होते.

मृत्यूनंतरचा विजय

१८४५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे कॅथलिक पाद्री बर्नार्ड पर्मोली यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. शहराच्या नियमाने ठरवून दिलेल्या प्रार्थनास्थळाऐवजी आपल्या चर्चमध्ये अंत्यविधी केल्याबद्दल त्यांना ५० डॉलर दंड झाला होता. राज्यातील नागरिकांच्या धर्मस्वातंत्र्याचे रक्षण राष्ट्रीय राज्यघटना करत नाही, तो विषय राज्यांच्या घटना आणि कायदे यांचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. पर्मोली यांना दाद मिळाली नाही.

परिस्थिती बदलली ती यादवी युद्धानंतर. १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने राज्यांना कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई केली. तिच्या पहिल्या कलमाचे प्रमुख शिल्पकार ओहायोचे जॉन बिंगहॅम यांना हक्कांची सनद राज्यांवर लागू व्हावी असे वाटत होते. पण न्यायालयाने प्रारंभी दुरुस्तीचा अर्थ फार संकुचित लावला. १८७६ मध्ये धर्मविषयक बंधने राज्यांवर स्पष्टपणे घालणारी वेगळी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहाने मोठ्या बहुमताने संमत केली, परंतु सिनेटमध्ये तिला आवश्यक ते दोन तृतीयांश बहुमत मिळाले नाही. तिच्यामागे कॅथलिक शाळांविषयीचा आकसही होता. सिनेटमध्ये हा विचार अडखळण्याची ही दुसरी वेळ होती.

अखेर १९४० मध्ये कँटवेल विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात दार उघडले. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे न्यूटन कँटवेल आणि त्यांचे दोन मुलगे न्यू हेवन शहरात दारोदार धार्मिक साहित्य देत आणि ध्वनिमुद्रिका ऐकवत. सरकारी दाखल्याशिवाय वर्गणी मागितल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. एखादे कार्य धार्मिक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला देणारा हा कायदा न्यायालयाने एकमताने घटनाबाह्य ठरवला. चौदाव्या दुरुस्तीतील स्वातंत्र्य या शब्दात धर्माचरणाचे स्वातंत्र्य येते आणि म्हणून राज्येही त्याने बांधलेली आहेत, असा हा निर्णय होता. परवान्याशिवाय धर्म सांगणाऱ्यांची शिक्षा हाच विषय १७७४ मध्येही होता.

१९४७ मध्ये एव्हरसन खटल्यात धर्मस्थापनेस मनाई करणारा भागही राज्यांवर लागू झाला. न्यू जर्सीतील पालकांना मुलांच्या बसभाड्याची भरपाई सार्वजनिक निधीतून मिळत होती आणि त्यांत कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांचे पालकही होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही भरपाई वैध ठरवली. परंतु राज्यांवर बंधन आहे, याबाबत मतभेद नव्हता. असहमती नोंदवताना न्यायमूर्ती वायली रट्लेज यांनी मॅडिसन यांचे १७८५ चे निवेदन संपूर्णपणे आपल्या निकालपत्राला जोडले. लेखकाचे नाव न घालता परगण्यांतून फिरलेला तो मजकूर आता सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकालसंग्रहाचा भाग झाला. पुढे १९६१ मध्ये ईश्वरावरील विश्वास जाहीर करण्याची मेरीलँडमधील पदाधिकाऱ्यांवरील अट, तर १९७८ मध्ये धर्मोपदेशकांना राज्याच्या घटना परिषदेचे सदस्यत्व नाकारणारा टेनेसीचा कायदा, असे दोन्ही अवैध ठरले.

वाद मात्र पूर्णपणे मिटलेला नाही. धर्मस्थापनेस मनाई करणारे कलम हे मुळात राज्यांना केंद्रापासून वाचवण्यासाठी होते, म्हणून ते राज्यांवरच लागू करणे विसंगत आहे, असे मत न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी २००४ आणि २०१४ च्या खटल्यांत मांडले. २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने सरकारी शाळांच्या वर्गांत बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि त्यालाही लगेच न्यायालयात आव्हान मिळाले.

भारताने निवडलेली वाट

भारताच्या घटनाकारांपुढे अमेरिकेचा हा सारा अनुभव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने हा प्रश्न न्यायालयावर सोपवला नाही. कलम १२ मध्ये राज्यसंस्थेच्या व्याख्येत केंद्राबरोबरच राज्यांची सरकारे व विधिमंडळे समाविष्ट झाली आणि मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे त्या मर्यादेपर्यंत शून्यवत ठरतील, असे कलम १३ ने स्पष्ट केले. मुंबई राज्यात त्याची प्रचिती लवकरच आली. हिंदूंमधील द्विभार्याप्रतिबंधासाठी केलेल्या १९४६ च्या मुंबई कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने तो वैध ठरवला. उलट १९५४ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील काही तरतुदी धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात जातात, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. निकाल भिन्न असले, तरी राज्याचा कायदा या कसोटीवर तपासता येतो की नाही, हा प्रश्न दोन्ही वेळी उपस्थित झाला नाही. त्याचे उत्तर घटनेतच लिहिलेले होते.

मॅडिसन यांच्या १७८९ च्या यादीची आणखी एक हकीकत नोंदवण्याजोगी आहे. काँग्रेस सदस्यांच्या वेतनवाढीविषयीची त्यांची एक दुरुस्ती दोन्ही सभागृहांनी संमत केली होती, पण पुरेशा राज्यांनी ती त्या काळी मान्य केली नाही. तिला मुदत नसल्याने ती तशीच प्रलंबित राहिली आणि तब्बल दोन शतकांनंतर, १९९२ मध्ये, सत्ताविसावी घटनादुरुस्ती म्हणून अमलात आली. विवेकाच्या हक्काचे कलम मात्र सिनेटमध्येच गाळले गेल्यामुळे ते राज्यांपुढे मंजुरीसाठी कधी गेलेच नाही. त्यामुळे अमेरिकेच्या राज्यघटनेत आजही ते शब्द नाहीत. राज्यांवरील बंधन आज उभे आहे ते चौदाव्या दुरुस्तीतील स्वातंत्र्य या एका शब्दावर आणि न्यायालयाने त्याला १९४० पासून दिलेल्या अर्थावर.